तिफण, वखर आणि डिक्शनरी : गावात राहून नवलाचे इंग्रजी शब्द कमावण्याची रीत

रोज दहा शब्द पाठ केले की वर्षात साडेतीन हजार होतात, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. डोक्यात तो टिकत नाही. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाचे शब्द गेलेले असतात आणि महिन्याभरात वही कपाटावर जाते. दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नसतो. त्या याद्यांमधल्या शब्दांना ना वास असतो ना जागा, आणि वापरायचा प्रसंग तर नसतोच.

खालची रीत गावात राहणाऱ्या, नेटवर्क येत-जात असणाऱ्या आणि दिवसाला अर्धा तास देऊ शकणाऱ्या माणसासाठी आहे. इंग्रजी बातमी अडखळत का होईना वाचता येत असली पाहिजे. उद्दिष्ट आठवड्याला पाच शब्द, म्हणजे वर्षाला साधारण अडीचशे. आकडा लहान वाटेल, पण हे अडीचशे वर्षाच्या शेवटी जागेवर असतील.

## १. आधी जमीन बघा

नवलाचे शब्द, म्हणजे रोजच्या बोलण्यापलीकडचे, हा वरचा मजला आहे. खाली साधे शब्द पक्के नसतील तर तो उभा राहत नाही. माइकल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सर्वांत कामाच्या सुमारे २००० शब्दांची यादी काढली, तिला जनरल सर्व्हिस लिस्ट म्हणतात. इंटरनेटवर ती फुकट मिळते. तिच्यातले कुठलेही ५० शब्द डोळे मिटून निवडा. अर्थ मराठीत सांगता आला आणि स्वतःचं एक वाक्य करता आलं, तरच शब्द येतो असं धरा. ४५ पेक्षा कमी आले तर दोन-तीन महिने तीच यादी करा, हा लेख नंतर उघडा.

तपासताना एक गफलत होते. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द आपल्याला येतात असं वाटतं, पण त्यांचा अर्थ इकडे येऊन बदललेला असतो. आपलं 'हॉटेल' म्हणजे चहा-भज्यांची टपरी, इंग्रजीत तिथे मुक्काम करता आला पाहिजे. आपली 'लाइट' जाते, त्यांची 'पॉवर' जाते. 'कंट्रोल' म्हणजे रेशनचं दुकान हे विदर्भाबाहेर इंग्रजी येणाऱ्या माणसाला कळणारच नाही. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहून ठेवा.

## २. सामान

- २०० पानी वही, एकच. तीन वह्या केल्या की तिन्ही अर्धवट राहतात.
- जुन्या लग्नपत्रिका. जाड कागद, मागची बाजू कोरी. एका पत्रिकेची चार कार्डं निघतात. उन्हाळ्यात घरोघरी ढीग पडलेला असतो.
- बुटांचा रिकामा खोका आणि त्यात पाच कप्पे पाडायला पुठ्ठा.
- इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, छापील किंवा ऑफलाइन चालणारं अ‍ॅप.
- निळा आणि लाल पेन.

डिक्शनरी 'लर्नर्स' असावी यावर अडून बसा. तिच्यातल्या व्याख्या ठरावीक दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. साधी मोठी डिक्शनरी एक अवघड शब्द दुसऱ्या अवघड शब्दाने समजावते आणि तुम्ही पानं उलटत राहता. खिशातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी शेवटी खात्रीसाठी ठेवा, सुरुवातीला नको. ती 'लाज' या एका शब्दासमोर तीन-चार इंग्रजी शब्द टाकून मोकळी होते. पाहुण्यांसमोर बोलायची लाज 'शाय', सभेत पाय घसरून पडल्याची लाज 'एम्बॅरस्ड' आणि चोरी पकडल्याची लाज 'अशेम्ड'. मराठीत तिन्हीकडे लाजच वाटते, इंग्रजीत एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

उलट दिशेने, म्हणजे मराठी वस्तूचं इंग्रजी नाव शोधायला, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून कामाचा आहे. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती मोफत शोधता येते. शेतीची अवजारं, धान्याची मोजमापं, बैलांचे रंग, सगळं त्यात आहे. पण त्यातलं इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. तिथून घेतलेला प्रत्येक शब्द आजच्या डिक्शनरीत तपासून मगच कार्डावर चढवा.

खोका मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात उधईला लग्नपत्रिका फार आवडतात.

## ३. शब्द वेचायचे कुठून

'सुंदर इंग्रजी शब्द' अशा याद्यांपासून सुरुवात करू नका. शब्द आधी कुठेतरी छापलेला किंवा बोललेला भेटला पाहिजे, मग तो टिकतो. गावात अशी ठिकाणं कमी नाहीत.

फवारणीच्या डब्याचं लेबल. त्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वरच्या त्रिकोणात लाल आणि पिवळ्याला 'पॉयझन', निळ्याला 'डेंजर', हिरव्याला 'कॉशन' असतं. धोक्याच्या तीन शब्दांची चढण एका डब्यावर शिकता येते. आतल्या घडीपत्रकात 'अँटिडोट' म्हणजे उतारा, 'सिस्टेमिक' म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पोचणारं, 'फायटोटॉक्सिक' म्हणजे पिकालाच बाधणारं. 'फायटो' म्हणजे वनस्पती हे एकदा कळलं की पुढचे चार शब्द आपोआप उघडतात.

हवामान खात्याचा अंदाज. इथले शब्द साधे दिसतात, पण प्रत्येकाला माप आहे. 'आयसोलेटेड' म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, 'स्कॅटर्ड' २६ ते ५०, 'फेअरली वाइडस्प्रेड' ५१ ते ७५, 'वाइडस्प्रेड' त्याच्या वर. 'हेवी रेन' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. 'गस्ट' हा काही सेकंदांचा वाऱ्याचा झटका, 'स्क्वॉल' अचानक उठून किमान मिनिटभर टिकणारा. अंदाज 'स्कॅटर्ड'चा होता आणि आपल्या वावरात थेंब नाही, तर खातं खोटं ठरत नाही.

जंगलाच्या पाट्या. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा या भागांतल्या पोरांनी इथूनच सुरुवात करावी, विशेषतः गाइड व्हायचं असेल तर. 'नॉक्टर्नल' रात्री फिरणारा, 'डायर्नल' दिवसा फिरणारा, आणि 'क्रेपस्क्युलर' म्हणजे झुंजूमुंजू आणि दिवेलागण या दोन वेळांना बाहेर पडणारा. 'अंग्युलेट' म्हणजे खुरांचा प्राणी, 'आर्बोरिअल' झाडावर राहणारा, 'स्कॅट' म्हणजे विष्ठा. सफारीच्या गाडीत हे शब्द दिखाऊ वाटत नाहीत, ते तिथलं रोजचं बोलणं आहे.

घर, कोठा म्हणजे गोठा, बंडी म्हणजे बैलगाडी. हातात वही घेऊन एक फेरी मारा. कडबा म्हणजे 'स्टोव्हर', धसकटं 'स्टबल', बोंड 'बोल', पण त्याचं स्पेलिंग बी-ओ-एल-एल. कालवड 'हेफर', स्पेलिंगमध्ये ई-आय असूनही. बैल हाकायची टोकदार काठी, म्हणजे तुतारी, ती 'गोड', उच्चार आपल्या गोडाजवळचा आणि काम अगदी उलट. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ डिवचणे. बंडीचं चाक आसावरून निसटू नये म्हणून जी खीळ ठोकतात ती 'लिंचपिन', आणि ज्या माणसावाचून सगळं कोलमडेल त्यालाही इंग्रजीत लिंचपिनच म्हणतात. दावं म्हणजे 'टेदर'. सहनशक्ती संपली की इंग्रज माणूस दाव्याच्या टोकाला पोचतो.

काही ठिकाणी जोड मिळणार नाही. 'वापसा' शोधायला जाल तर 'टिल्थ' सापडेल, पण तो मातीच्या भुसभुशीत घडणीबद्दल आहे, ओल पेरण्याजोगी झाली का याबद्दल नाही. अशा वेळी ओढूनताणून जोड्या लावू नका. दोन्ही शब्द शेजारी लिहून फरक नोंदवा.

## ४. शब्द खणून बघा, मुळाशी वावर निघतं

या पायरीवर वेळ घालवा. इंग्रजीतले कितीतरी जड, पुस्तकी शब्द मुळात शेतकऱ्याचे आहेत. शहरातल्या विद्यार्थ्याला त्यांचं चित्र पुस्तकातून समजून घ्यावं लागतं. तुमच्यासमोर ते रोज चालू असतं.

तापात माणूस बरळायला लागला की डॉक्टर 'डिलिरिअम' म्हणतात. लॅटिनमध्ये 'लीरा' म्हणजे नांगरटीतला तास-वरंबा आणि 'डे' म्हणजे त्यापासून बाजूला. जोडी तास सोडून भरकटली, तेच डिलिरिअम.

'राइव्हल' म्हणजे प्रतिस्पर्धी. मूळ लॅटिन अर्थ एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघे. कॅनॉलच्या पाळीवरून ज्या गावात दरवर्षी दोन घरं बोलायची थांबतात, तिथे या शब्दाला कार्ड लागू नये.

'रिहर्सल' वडशाच्या नाटक मंडळांमुळे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, सगळ्यांना ठाऊक. जुन्या फ्रेंचमध्ये 'हर्स' म्हणजे ढेकळं फोडायचं अवजार. रिहर्स म्हणजे त्याच जमिनीवर पुन्हा पाळी घालणे. त्यांचं अवजार दातांचं, आपल्या वखराला पास म्हणजे आडवं पातं असते, एवढाच फरक. शववाहिकेला इंग्रजीत 'हर्स' म्हणतात तोही हाच शब्द: तिरडीवर मेणबत्त्या लावायची चौकट त्या दातेरी अवजारासारखी दिसे. आणि अंगावर काटा आणणाऱ्या अनुभवाला 'हॅरोइंग' म्हणतात, कारण 'हॅरो' म्हणजेही तेच अवजार, मनावरून फिरलेलं.

'ब्रॉडकास्ट' रेडिओच्या आधी शेतात होता. हाताने बी फेकून पेरणे, धानपट्ट्यातली आवत्या. 'सेमिनार' म्हणजे मुळात रोपवाटिका. 'ट्रिब्युलेशन' म्हणजे हालअपेष्टा. रोमन शेतकरी खळ्यावर धान्य मळायला धारदार दातांची फळी ओढत, तिचं नाव ट्रिब्युलम. 'ग्लीन' म्हणजे कापणीनंतर सरवा वेचणे, आणि आता इकडून-तिकडून माहिती वेचणे. 'विनो' म्हणजे उफणणे. त्याच्या पोटात 'विंड' म्हणजे वारा बसलेला आहे, कारण वारा नसेल तर उफणणार कसं.

'व्हर्स' म्हणजे कवितेची ओळ, मूळ अर्थ वळण. तास संपला की जोडी वळते, ओळ संपली की हात वळतो. याच्याहून नवलाचा शब्द 'बूस्ट्रफीडन'. काही जुने ग्रीक शिलालेख एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे असे कोरलेले आहेत, बैल नांगरताना वळतात तसे. शब्दाचा अर्थही नेमका तोच, 'बैल वळतात तसं'. परीक्षेत हा शब्द कधीच येणार नाही. पण एकदा ऐकून विसरणंही कठीण.

जनावरांकडे वळलं की आणखी माल निघतो. 'पिक्यूनिअरी' म्हणजे पैशासंबंधी. लॅटिन 'पेकू' म्हणजे गुरं, आणि तो आपल्या 'पशु'चा सख्खा नातलग आहे. पशुधन हा शब्द ज्याला कळतो त्याला पिक्यूनिअरी वेगळा शिकवायला नको. 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्यातून 'ग्रिगेरिअस' म्हणजे चारचौघांत रमणारा, 'सेग्रिगेट' म्हणजे कळपातून वेगळं काढणं, 'काँग्रिगेट' म्हणजे जमणं. 'इग्रीजस' म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा; पूर्वी हे कौतुक होतं, आज फक्त ढळढळीत वाईट गोष्टीला लावतात. 'सब्जुगेट' म्हणजे जुवाखाली आणणे: लॅटिन 'जुगुम', इंग्रजी 'योक', संस्कृत 'युग' आणि आपलं 'जू' एकाच घरचे. 'मॅव्हरिक' म्हणजे आपल्याच वाटेने जाणारा माणूस. टेक्सासमधल्या सॅम्युएल मॅव्हरिक यांच्या गुरांना डागणीची खूण नसे, त्यावरून एकोणिसाव्या शतकात शब्द पडला.

कापसाचा हक्काचा शब्द 'बॉम्बास्ट'. जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ कापूस, कपड्यात भरायचा. आता अर्थ फुगवलेलं पोकळ भाषण. काटेसावरीचं शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स आहे, तिच्या बोंडातून उडणारा कापूस आठवा. बॉम्बशी त्याचा काही संबंध नाही, जरी बहुतेकांना तसं वाटतं.

एक-दोन शब्द अगदी अलीकडे घडवलेले. पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाला 'पेट्रिकॉर' म्हणतात. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात तो मांडला. 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'आयकॉर' म्हणजे ग्रीक कथांमधल्या देवांच्या नसांतून वाहणारा रस. आपल्याकडे मृद्गंध आहेच, पण जूनमध्ये काळ्या मातीवर पहिला सडाका पडतो त्या संध्याकाळी हे कार्ड भरा. हंगामात भरलेलं कार्ड वेगळंच बसतं.

खणायला ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे. एका शब्दावर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, नाहीतर संध्याकाळ मुळांतच जाते आणि कार्ड कोरं राहतं.

## ५. आपल्याकडून गेलेले शब्द ओळखा

'मोंगूस' मराठी मुंगसावरून गेला, म्हणून त्याचं अनेकवचन 'मोंगूसेस' होतं. 'गूस'चं 'गीस' होतं तसं इथे होत नाही. 'गनी बॅग'मधली गनी म्हणजे आपली गोणी, ज्याला बाजार समितीत बारदाना म्हणतात. 'पगमार्क'मधला पग म्हणजे पाऊल, हिंदीतून. 'बँडिकूट' म्हणजे घूस, तेलुगूतून, मूळ अर्थ डुक्कर-उंदीर. 'लूट', 'थग', 'शॅम्पू', 'कॉट' सगळे इकडचे. 'ऑरेंज' तर नागपूरकरांनी नीट बघावा: संस्कृतातला नारंग फारसी, अरबीमार्गे युरोपात गेला, वाटेत काही भाषांत त्याचा सुरुवातीचा 'न' गळला. स्पॅनिशमध्ये तो 'नारांहा' म्हणून अजून शाबूत आहे.

हे शब्द पहिल्या महिन्यात घ्या. अर्थ पाठ करावा लागत नाही, फक्त स्पेलिंग आणि वापर शिकायचा.

## ६. कार्ड कसं भरायचं

समोर फक्त इंग्रजी शब्द, मोठ्या अक्षरात. मागे सहा ओळी, याच क्रमाने:

1. उच्चार देवनागरीत, जोर कुठल्या अक्षरावर ते लाल पेनने.
2. नाम, क्रियापद की विशेषण.
3. अर्थ तुमच्या मराठीत. एका शब्दात बसला नाही तर वाक्यात लिहा.
4. चित्र, म्हणजे मूळ. पाच-सहा शब्दांत.
5. शेजारी. हा शब्द कुणाबरोबर येतो.
6. तुमच्या गावातलं एक वाक्य, इंग्रजीत.

'बॉम्बास्ट'चं कार्ड असं होईल. बॉम्-बास्ट, जोर पहिल्यावर. विशेषण बॉम्-बॅस्-टिक, तिथे जोर दुसऱ्यावर. नाम. फुगवलेलं पोकळ बोलणं. कपड्यात भरलेला कापूस. 'फुल ऑफ बॉम्बास्ट'. आणि वाक्य: 'द स्पीच वॉज फुल ऑफ बॉम्बास्ट, बट नोबडी मेन्शन्ड द प्राइस ऑफ कॉटन.'

पाचवी ओळ लोक सोडतात आणि तिथेच इंग्रजी मराठमोळं होतं. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो, धुकं 'थिक' असतं. आपण तिन्हीला 'जोराचा' किंवा 'दाट' म्हणतो म्हणून इंग्रजीत अदलाबदल करता येत नाही. जमीन पडीत असते तेव्हा ती 'लाइज फॅलो', 'स्टँड' होत नाही. हे शेजारी डिक्शनरीतल्या उदाहरणांतून उचला, स्वतः बनवू नका. सहावी ओळ मात्र स्वतःच बनवा. डिक्शनरीतलं वाक्य उतरवलं तर ते लंडनच्या बागेत घडतं आणि तिथेच राहतं.

कोपऱ्यात एक खूण करा: ब म्हणजे बोलताना चालेल, ल म्हणजे लेखीच, ज म्हणजे जुनाट, थ म्हणजे थट्टेत. डिक्शनरीत 'फॉर्मल', 'आर्केइक', 'ह्युमरस' असं लिहिलेलं असतं, तिथून घ्या.

## ७. खोका फिरवणे

ही पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड एक कप्पा पुढे. चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. चौथ्यातलं कार्ड पहिल्यात टाकताना जिवावर येतं आणि लोक 'जवळजवळ आलंच होतं' म्हणून सूट घेतात. ही सूट घेतली की खोका निव्वळ शोभेचा.

बघायचं दोन्ही बाजूंनी. इंग्रजीवरून मराठी ओळखणं सोपं असतं. मराठी अर्थ वाचून इंग्रजी शब्द स्पेलिंगसह लिहिता आला तरच पुढे.

पहिल्या कप्प्यात २५ पेक्षा जास्त कार्डं साचली तर नवीन भरणं बंद करा. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत असं होणारच. त्या दिवसांत फक्त पहिला कप्पा, पाच मिनिटं, बस्स. सगळंच सोडून दिलं आणि दोन महिन्यांनी उघडलं तर शब्द नव्यानेच शिकावे लागतात.

## ८. उच्चार

देवनागरीत लिहिलेला उच्चार ही कुबडी आहे, पण उपयोगी कुबडी, जर जोर नीट दाखवला असेल तर. मराठीत आपण सगळ्या अक्षरांवर जवळपास सारखा भार टाकतो. इंग्रजी तसं करत नाही: 'फो'टोग्राफ, फ'टॉ'ग्रफर, फोटो'ग्रॅ'फिक. एकच शब्द, जोर तीन ठिकाणी, आणि जोर सरकला की बाकीचे स्वर बारीक होतात. डिक्शनरीत जोराच्या अक्षराआधी वर एक छोटी उभी रेघ असते, ती शोधा.

नेट मिळेल त्या दिवशी आठवड्याचे पाचही शब्द एकदम ऐकून घ्या, प्रत्येक तीनदा, आणि मागोमाग मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेला उच्चार नेहमी बरोबरच वाटतो.

वाचून शिकणाऱ्यांचे ठरलेले खड्डे हे. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी मुका. 'सटल'मधलाही बी मुका. 'रिसीट'मध्ये पी मुका. स्पेलिंगवरून 'एपिटोम' दिसणारा शब्द 'इपिटमी' आहे आणि 'हायपरबोल' दिसणारा 'हायपर्बली'. 'ऑ-री' वाटणारा शब्द 'अराय' आहे, अर्थ बिनसलेलं. 'कर्नल'च्या स्पेलिंगमध्ये आर शोधू नका, नाहीच.

## ९. फसवे शब्द आणि फसव्या गोष्टी

काही शब्दांचा चेहरा एक आणि स्वभाव दुसरा. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, अर्थ किळसवाणा, घाणेरड्या वासाचा. 'एनर्व्हेट' म्हणजे जोर आणणे असं वाटतं, अर्थ गळून जायला लावणे, मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या दुपारसारखं. 'बिम्यूज्ड' म्हणजे गोंधळलेला, 'अम्यूज्ड'शी गल्लत नको. 'रेस्टिव्ह' म्हणजे आराम करणारा नव्हे तर अस्वस्थ. मूळचा शब्द पुढे पाऊल न टाकणाऱ्या अडेल जनावराचा. 'इन्फ्लॅमेबल' आणि 'फ्लॅमेबल' दोन्ही पेटणारेच, टँकरवर काहीही लिहिलेलं असो. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ नाही तो. पंच असा हवा. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही, असा पंच नको.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या खोक्यात येऊ देऊ नका. 'न्यूज' हा चार दिशांच्या आद्याक्षरांतून झालेला नाही, 'न्यू'चं अनेकवचन आहे. 'टिप' हेही कुठल्या वाक्याची आद्याक्षरं नाहीत. एखाद्या जुन्या शब्दाचा 'फुल फॉर्म' कुणी सांगितला की बहुतेक वेळा ती थाप असते, कारण आद्याक्षरांतून शब्द बनवण्याची खोड इंग्रजीला विसाव्या शतकातच जोरात लागली.

आणि तो ४५ अक्षरी फुफ्फुसाच्या आजाराचा शब्द, जो प्रत्येक प्रश्नमंजूषेत असतो. तो १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने निव्वळ लांब शब्द असावा म्हणून घडवला. पोट्ट्यांना पाठ करायला मजा येते, करू द्या. पण त्या वेळात दहा खरे शब्द बसतात.

## १०. कुठे वापरायचे, कुठे नाही

बँकेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, तहसीलमधलं पत्र, ग्राहक तक्रार: इथे एकही नवलाचा शब्द नको. साधा शब्द असताना अवघड घातला की वाचणाऱ्याला वाटतं कुठून तरी उतरवलंय. मुलाखतीत एखादा, तोही विषय निघाला तर. निबंधात पानाला एक पुरे.

समानार्थी शब्दांच्या यादीतून उचलून बदली करू नका. 'स्लेंडर', 'स्किनी' आणि 'इमेशिएटेड' एकाच रांगेत छापलेले असतात, पण पहिला सडपातळ, दुसरा काडीपैलवान आणि तिसरा उपासमारीने खंगलेला. नवरीमुलीच्या परिचयपत्रात तिसरा गेला तर काय होईल ते सांगायला नको.

सराव करायचा तर आठवड्यातून एकदा दोघं-तिघं बसा. एकाने कार्डावरचं वाक्य शब्द गाळून वाचायचं, दुसऱ्याने शब्द भरायचा, तिसऱ्याने त्या शब्दाने तिथल्या तिथे नवं वाक्य करायचं. घरी एकटेच असाल तर रात्री वहीत दिवसाच्या तीन ओळी इंग्रजीत लिहा आणि त्यांत पाचपैकी एक शब्द घाला. ओढून आणावा लागला तर त्या दिवशी घालू नका.

## ११. निंदण

दर तीन महिन्यांनी पाचवा कप्पा पूर्ण रिकामा करून बघा. पाच-सहा कार्डं अशी निघतात जी पाठ आहेत, पण कधी कुठे वाचनात आली नाहीत आणि वापरावीशीही वाटली नाहीत. ती काढून टाका. सलग चारदा पहिल्या कप्प्यात परतलेलं कार्डही काढा, मात्र आधी त्याची सहावी ओळ तपासा. बहुतेकदा तिथलं वाक्य मिळमिळीत असतं आणि नवं वाक्य लिहिलं की कार्ड चालायला लागतं. ज्या शब्दांवर ज ची खूण आहे त्यांतले दहापेक्षा जास्त ठेवू नका. काढलेल्या कार्डांची कोरी बाजू उरलेली नसते, तेव्हा ती चुलीत जातील. शब्द वहीत तारखेसह नोंदवलेला असू द्या, म्हणजे दोन वर्षांनी तोच शब्द कुठे छापलेला दिसला तर पान उलटून सापडतो.